पत्र्याखालचे इंजिन

जून १९३८ मध्ये न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने आपल्या सर्वांत मानाच्या गाडीसाठी दहा नवी वाफेची इंजिने आणली. गाडीचे नाव ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’. संध्याकाळी न्यूयॉर्क सोडायचे आणि सकाळी शिकागोत उतरायचे, असा तिचा रिवाज. हेन्री ड्रायफस या डिझायनरने या इंजिनांना राखाडी रंगाचे गोलसर नाक दिले होते आणि नाकाच्या मधोमध वरून खाली उतरणारी एक उभी, पातळ पाती. बघता बघता हा चेहरा अमेरिकन रेल्वेचाच चेहरा होऊन बसला. पोस्टरांवर तो, कॅलेंडरांवर तो. आणि सातच वर्षांनी, १९४५ पासून, त्याच कंपनीचे कामगार या इंजिनांवरचे पत्रे एकेक करून उतरवू लागले.

पत्रे गेले तरी इंजिने धावतच राहिली. आतला बॉयलर तोच, पिस्टन तेच, माणसाच्या उंचीपेक्षा मोठी चाकेही तीच. मग पत्रा चढवला कशाला आणि उतरवला कशाला?

अमेरिकेतल्या स्ट्रीमलाइन्ड वाफेच्या इंजिनांची गोष्ट एरवी डिझायनरांच्या नावांनी सांगितली जाते. ड्रायफस, रेमंड लोई, ऑटो कूलर ही नावे मोठीच आहेत. पण कोणते इंजिन किती वर्षे टिकले आणि का टिकले, हे पाहू गेले की या गोष्टीचा निकाल रुळांवर लागलेला दिसत नाही. तो लोकोशेडमध्ये लागला. राख काढणारा, वंगण घालणारा, बेअरिंगला हात लावून ते तापले आहे का हे बघणारा माणूस यंत्रापर्यंत किती सहज पोचतो आणि इंजिन किती लवकर पुन्हा गाडीला लागते, यावर सगळे अवलंबून होते.

सुरुवात मंदीतून झाली. मोटारी आणि डांबरी रस्ते यांनी १९२० नंतरच रेल्वेचे उतारू पळवायला सुरुवात केली होती; १९२९ च्या पडझडीनंतर डबे आणखी रिकामे झाले. उतारूंना परत आणायचे तर काहीतरी डोळ्यांत भरणारे हवे होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये युनियन पॅसिफिकने एम-१०००० ही हलकी, ॲल्युमिनियमची गाडी लोकांपुढे आणली. त्यामागोमाग बर्लिंग्टन रेल्वेची ‘झेफिर’ आली: चकचकीत स्टेनलेस स्टीलची, डिझेलवर चालणारी, तीन डब्यांची. २६ मे १९३४ ला झेफिर पहाटे डेन्व्हरहून निघाली आणि १,०१५ मैल न थांबता धावत संध्याकाळी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पोचली. वेळ लागला १३ तास ५ मिनिटे. नेहमीच्या गाडीला याच प्रवासाला पंचवीस तासांहून अधिक लागत. दुसऱ्या दिवशी देशभर बोलबाला झाला आणि काळीकुट्ट, धूर ओकणारी, दांडे हलवत धावणारी इंजिने एकाएकी जुनाट दिसू लागली.

वाफेवाल्या कंपन्यांपुढे खरा पेच होता. त्यांच्याकडे हजारो इंजिने होती, ती बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारखाने होते, कोळशाच्या खाणींशी पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार होते. शिवाय झेफिरची एक उणीव त्यांना स्पष्ट दिसत होती. तिच्यात जागा होत्या ७२. गर्दी वाढली तर चौथा डबा जोडायचा कसा? वाफेच्या इंजिनाच्या अंगात मात्र बारा-पंधरा डबे ओढण्याची ताकद होती. कमी होती ती फक्त रूपाची, असे अनेकांना वाटले.

रूपाच्या जोडीला शास्त्रही होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी चाळीस मैलांना तो फारसा जाणवत नाही. नव्वद मैलांना इंजिनाच्या ताकदीचा मोठा वाटा नुसती हवा बाजूला सारण्यात जातो. क्लीव्हलंडच्या केस स्कूलमध्ये नॉर्मन झाप्फ या विद्यार्थ्याने इंजिनाचे छोटे प्रारूप वायुबोगद्यात ठेवून याच प्रश्नाचा अभ्यास केला. न्यूयॉर्क सेंट्रलने त्यात रस घेतला. डिसेंबर १९३४ मध्ये कंपनीच्या वेस्ट अल्बनी कारखान्यात ५३४४ क्रमांकाच्या इंजिनावर कार्ल कंटोला यांनी आखलेले आवरण चढले. अमेरिकेतले हे पहिले स्ट्रीमलाइन्ड वाफेचे इंजिन. त्याला रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांच्या आठवणीने ‘कमोडोर व्हँडरबिल्ट’ असे नाव दिले. चिमणी, घुमट, नळ्या सगळे एका उलट्या नावेसारख्या कवचाखाली गेले. पत्रा नवा असला तरी आतले इंजिन मात्र कंपनीचे अभियंते पॉल कीफर यांनी आधीच सिद्ध केलेले, ‘हडसन’ प्रकारचे होते.

यापुढची पायरी ओलांडली ती मिलवॉकी रोड या कंपनीने, आणि तीही डोळ्यांसमोरच्या स्पर्धेतून. शिकागो आणि मिनेसोटातली जुळी शहरे मिनियापोलिस-सेंट पॉल यांच्यामध्ये तीन कंपन्यांचे तीन मार्ग होते. जानेवारी १९३५ मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नने जुनीच वाफेची इंजिने सुधारून, चारशे मैल चारशे मिनिटांत कापणारी ‘४००’ नावाची गाडी सुरू केली. एप्रिलमध्ये बर्लिंग्टनने तिथे दोन डिझेल झेफिर आणल्या. मिलवॉकी रोडने २९ मे १९३५ ला उत्तर दिले. त्या उत्तराचे नाव ‘हायावाथा’.

हायावाथासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथल्या अल्को कारखान्याने बांधलेली ‘ए’ वर्गाची इंजिने जुन्या यंत्रावर नवा पत्रा चढवलेली नव्हती. स्ट्रीमलाइन्ड म्हणूनच ती पहिल्या रेघेपासून आखली गेली होती, आणि रोजच्या कामात ताशी शंभर मैलांच्या वर धावायचे हे आधीच ठरवून. चाके ८४ इंचांची, म्हणजे सात फुटांची. बॉयलरमधला दाब चौरस इंचाला ३०० पौंड. इंधन कोळसा नव्हे, तेल. या निवडीमागे शेडचा विचार होता: तेलाची राख होत नाही, ती काढायला थांबावे लागत नाही, वाटेत कोळसा भरावा लागत नाही. म्हणून एकच इंजिन ४१० मैलांचा सगळा पल्ला साडेसहा तासांत मारू शके. गाडी सुरू होण्याआधी, १५ मे १९३५ च्या चाचणीत, त्याने ताशी ११२ मैलांच्या वर मजल मारली होती.

बाह्यरूप कूलर यांचे होते. जर्मनीत जन्मलेले कूलर मुळात चित्रकार. कारखाने, भट्ट्या आणि इंजिने यांची एचिंग ते करत. त्यांनी हायावाथाला नारिंगी, तपकिरी-लाल आणि राखाडी रंग दिले. डबे कंपनीच्या मिलवॉकीतल्या स्वतःच्या कारखान्यात कार्ल नायस्ट्रॉम यांच्या हाताखाली वेल्डिंगने जोडून बनवले जात. त्यामुळे ते हलके होते. शिकागो ते मिलवॉकी ८५ मैल ७५ मिनिटांत. उतारू इतके लोटले की डबे वाढवत न्यावे लागले, आणि झेफिरला जे जमत नव्हते ते वाफेने सहज केले: मागे आणखी एक डबा जोडला.

पुढे ‘ए’ वर्गाची चार इंजिनेही अपुरी पडू लागली. १९३८ मध्ये अल्कोने ‘एफ-७’ वर्गाची सहा मोठी इंजिने दिली. ही बारा डब्यांची गाडी घेऊन ताशी शंभर मैल राखत. विस्कॉन्सिनमधल्या स्पार्टा आणि पोर्टेज या दोन स्थानकांमधले ७८.३ मैलांचे अंतर वेळापत्रकात ५८ मिनिटांचे होते, म्हणजे सरासरी ताशी ८१ मैल. विक्रमासाठी एखाद्या दिवशी केलेली ही धाव नव्हती. तिकीट काढलेल्या उतारूंना घेऊन रोज, पावसात आणि बर्फात, पाळायची ती वेळ होती.

हायावाथाचे यश पाहून बाकीच्या कंपन्या पेटल्या. पण नवी इंजिने विकत घ्यायला मंदीत पैसा कुठून आणायचा? बहुतेकांनी जुन्याच इंजिनांना नवा पत्रा चढवला. पोळ्याच्या दिवशी बैलावर झूल चढते, तशी ही आवरणे गाडीच्या उद्घाटनाला शोभून दिसली. नांगरटीला निघताना मात्र झूल उतरवावीच लागते.

यातले काही पेहराव फार सुंदर होते. ड्रायफस यांनी १९३६ मध्ये क्लीव्हलंड-डेट्रॉइट मार्गावरच्या ‘मर्क्युरी’ गाडीसाठी दोन इंजिने सजवली आणि त्यांच्या चाकांवर दिव्यांचे झोत सोडले, म्हणजे रात्रीच्या अंधारातही फिरणारी चाके लखलखत दिसत. त्याच वर्षी लोई यांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या ३७६८ क्रमांकाच्या इंजिनासाठी मातीची प्रारूपे करून ती वायुबोगद्यात तपासली आणि मगच पत्रा वाकवायला घेतला. रीडिंग कंपनीची ‘क्रुसेडर’ फिलाडेल्फिया आणि जर्सी सिटी यांच्यामध्ये धावे. तिच्या दोन्ही टोकांना गोल पाठीचा, बाहेरचे दृश्य दाखवणारा डबा होता, म्हणजे परतीच्या वेळी सगळी गाडी वळवायला नको. फक्त इंजिन या टोकाचे त्या टोकाला न्यायचे. त्या गोल पाठीला चपखल बसावी म्हणून इंजिनामागच्या टेंडरचा पत्रा मागे वाढवलेला होता. बर्लिंग्टनने तर डिझेल झेफिर बिघडली तर धावायला असावे म्हणून एका वाफेच्या इंजिनाला स्टेनलेस स्टील नेसवले आणि त्याला वाऱ्याच्या ग्रीक अधिपतीचे, ‘इओलस’चे, नाव दिले.

शेडमध्ये मात्र वेगळेच चित्र होते. वाफेचे इंजिन दर मुक्कामाला हात मागते. राख खाली पाडायची, धुराच्या नळ्या झाडायच्या, दांड्यांच्या सांध्यांत वंगण भरायचे, पाण्याचे पंप पाहायचे, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायचा. उघड्या इंजिनावर हे सगळे समोर असते. आवरण घातले की प्रत्येक कामाआधी दार उघडायचे, नाहीतर पत्रा सोडवायचा. आत उष्णता कोंडते; तापलेले बेअरिंग वेळीच दिसत नाही. गोल नाकामुळे धूर वर न उठता बॉयलरच्या अंगाला चिकटून मागे वाहतो आणि ड्रायव्हरच्या खिडकीसमोर सिग्नल झाकतो. या दोषावर तर कित्येक आकार बदलून पाहावे लागले. आणि ज्या गाडीला साठ-सत्तर मैलांपलीकडे धावायचेच नसे, तिथे हवेची बचत नाममात्रच.

शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नची कथा तर चटका लावणारी. या कंपनीने १९३८ मध्ये अल्कोकडून नऊ स्ट्रीमलाइन्ड हडसन इंजिने घेतली, पण पुढच्याच वर्षी आपली नावाजलेली ‘४००’ गाडी तिने डिझेलकडे सोपवली. नवी कोरी इंजिने मानाच्या गाडीविना इतर गाड्या ओढत राहिली.

सदर्न पॅसिफिकने वेगळा मार्ग काढला आणि तो शहाणपणाचा ठरला. २१ मार्च १९३७ ला सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये, बराच वेळ समुद्राच्या काठाने धावणारी ‘डेलाइट’ सुरू झाली. अंतर सुमारे ४७० मैल, वेळ पावणेदहा तास. ओहायोतल्या लायमा कारखान्याने बांधलेली जीएस वर्गाची इंजिने लाल, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांची होती, आणि तेच पट्टे मागे शेवटच्या डब्यापर्यंत सलग जात. पत्रा बेताचाच होता. बॉयलरच्या माथ्यावरून एक सलग आच्छादन, बाजूने चालपट्टीखाली एक झालर, पुढे रुपेरी तोंड. चाके आणि दांडे पूर्ण उघडे ठेवले होते. ज्या भागांना रोज हात लावायचा, त्यांच्यावर लायमाच्या अभियंत्यांनी काहीच घातले नव्हते. तेलावर चालणारी ही इंजिने गाडी हलवताना मागच्या छोट्या चाकांना लावलेल्या जादा यंत्राची मदत घेत, आणि सॅन लुइस ओबिस्पोजवळच्या क्वेस्टा चढणीवर त्यांना जोडीला दुसरे इंजिन मिळे. १९४१-४२ मध्ये ८० इंची चाकांची जीएस-४ इंजिने आली, एकूण २८. १९५५ च्या सुरुवातीपर्यंत डेलाइट वाफेवर धावत राहिली, म्हणजे बहुतेक कंपन्यांनी पत्रे उतरवले त्यानंतरही दहा वर्षे.

पेनसिल्व्हेनिया रेल्वेची वाट मात्र उलटी होती. ही अमेरिकेतली सर्वांत मोठी उतारू-वाहतूक करणारी कंपनी, कोळशाच्या प्रदेशाची, स्वतःच्या अल्टूना कारखान्याचा अभिमान बाळगणारी. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी तिने एस-१ हे एकुलते एक इंजिन बांधले. टेंडरसह लांबी १४० फूट, आवरण लोई यांचे. मेळ्यात ते रुळांऐवजी रोलरांवर उभे केले होते. सात फुटी चाके ताशी साठ मैलांच्या वेगाने जागच्या जागी फिरत आणि माणसे तोंडात बोट घालून बघत. मेळा संपला आणि अडचणी सुरू झाल्या. इतके लांब इंजिन बहुतेक वळणांवर बसेना. ते फक्त शिकागो आणि ओहायोतले क्रेस्टलाइन यांच्यामध्येच धावू शके. एकूण वजनाच्या मानाने चालत्या चाकांवर पडणारे वजन कमी, त्यामुळे गाडी हलवताना चाके घसरत. १९४९ मध्ये ते भंगारात गेले.

एस-१ च्या धड्यातून टी-१ जन्मले. १९४२ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या बॉल्डविन कारखान्याने दोन नमुने दिले. १९४५-४६ मध्ये आणखी पन्नास बांधली गेली, निम्मी अल्टूनात आणि निम्मी बॉल्डविनकडे. लोई यांनी दिलेले जहाजासारखे टोकदार नाक अंगावर चाल करून आल्यासारखे वाटे. एकाच चौकटीत दोन सिलिंडरांऐवजी चार, चाकांच्या दोन स्वतंत्र जोड्या आणि नेहमीच्या झडपांच्या जागी मोटारीच्या इंजिनात असतात तशा पॉपेट झडपा. मोकळ्या रुळांवर टी-१ झपाट्याने धावत. पण पुढच्या चाकांची जोडी एकाएकी घसरू लागे, आणि पॉपेट झडपांची यंत्रणा इतक्या अडचणीच्या जागी बसवली होती की दुरुस्ती म्हणजे फिटरची परीक्षाच. ती सांभाळायला निवांत, कसबी हात हवे होते. युद्धानंतरच्या घाईगर्दीच्या शेडमध्ये ते मिळाले नाहीत. खालची झालर लवकरच कापली गेली. ज्या वर्षी टी-१ कारखान्यांतून बाहेर पडू लागली, त्याच १९४५ मध्ये पेनसिल्व्हेनियाने उतारू गाड्यांसाठी पहिली डिझेल इंजिने घेतली. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बावन्नही टी-१ भंगारात गेली होती.

या सगळ्याच्या मधे युद्ध आले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रेल्वेवर सैनिकांचा आणि मालाचा असा लोंढा आला की इंजिनांना धापा टाकायलाही उसंत नव्हती. युद्ध उत्पादन मंडळाने शोभेच्या पत्र्याला चाप लावला. सदर्न पॅसिफिकची १९४३ ची जीएस-६ इंजिने झालरीविना आणि संपूर्ण काळ्या रंगात आली. जीएस म्हणजे आधी ‘गोल्डन स्टेट’ होते, ते आता ‘जनरल सर्व्हिस’ झाले. माणसे कमी आणि इंजिने चोवीस तास कामावर, अशा दिवसांत शेडमधल्या लोकांनी जुन्या इंजिनांवरचे पत्रे काढून ठेवले आणि पुन्हा लावायचे नाव काढले नाही. ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’च्या, ड्रायफसने सजवलेल्या हडसनांवरचे पत्रे उतरले ते याच रेट्यात.

नॉरफोक अँड वेस्टर्न ही व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतली कोळसा वाहणारी कंपनी. स्वतः ओढत असलेला कोळसा सोडून डिझेल विकत घ्यायचे तिला कारणच नव्हते. ऑक्टोबर १९४१ पासून तिच्या रोअनोक कारखान्यात ‘जे’ वर्गाची इंजिने बनू लागली, आणि १९५० पर्यंत चौदा झाली. बाहेरून दिसे ते फ्रँक नोएल यांनी सुचवलेले काळे, बंदुकीच्या गोळीसारखे नाक आणि अंगावरून धावणारा गडद तांबडा पट्टा. आतली खरी करामत वेगळी होती. चाकांच्या आसांवर आणि दांड्यांच्या सांध्यांतही रोलर बेअरिंगे, आणि दोनशेहून अधिक ठिकाणी आपोआप वंगण पोचवणारी यंत्रणा. चाके फक्त ७० इंचांची, डोंगरातल्या चढांसाठी निवडलेली; तरीही पेनसिल्व्हेनियाच्या सपाट रुळांवर चाचणीसाठी नेलेल्या ६१० क्रमांकाच्या इंजिनाने पंधरा डबे घेऊन ताशी ११० मैल गाठले.

याहून मोठी करामत शेडची होती. रोअनोकमधल्या शॅफर्स क्रॉसिंगला कंपनीने इंजिनांच्या देखभालीची रांगच बांधली. इंजिन एका टोकाने आत येई, राख, कोळसा, पाणी, वंगण, तपासणी असे एकामागून एक टप्पे ओलांडे आणि थोड्याच वेळात दुसऱ्या टोकाने गाडीसाठी तयार होऊन बाहेर पडे. डिझेलची जमेची बाजू होती ती शेडमध्ये पडून न राहण्याची. तीच रोअनोकने वाफेला मिळवून दिली. एकेक जे इंजिन महिन्याला सुमारे १५,००० मैल धावे. युद्धात पत्र्याविना बाहेर पडलेल्या सहा इंजिनांना १९४५ मध्ये पत्रा चढवणारी हीच कंपनी. कारण इथे पत्र्याने कामगाराची वाट अडवली नव्हती. ‘पोकाहोंटास’, ‘कॅव्हेलियर’ आणि १९४६ मध्ये सुरू झालेली ‘पाउहॅटन ॲरो’ या गाड्या जे इंजिनांनी थेट १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ओढल्या. याच काळात न्यूयॉर्कचे छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांनी अनेक फ्लॅश दिवे लावून या मार्गावरच्या रात्री कृष्णधवल चित्रांत पकडल्या.

युद्धानंतरही काही कंपन्यांना वाफेची आस होती. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेत ऑलिव्ह डेनिस नावाच्या अभियंत्या होत्या. कॉर्नेल विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला. उतारूंना गाडीत काय बोचते हे समजून घेण्यासाठी त्या रेल्वेने हजारो मैल हिंडल्या. मागे रेलणाऱ्या खुर्च्या, रात्री मंद करता येणारे दिवे, खिडकीखालची हवा येण्याची झरोकेवजा सोय या गोष्टींमागे त्यांचे श्रम होते. १९ जानेवारी १९४७ ला सुरू झालेली ‘सिनसिनाटियन’ संपूर्ण त्यांच्या कल्पनेतून उतरली, तिला ओढणाऱ्या चार निळ्या इंजिनांच्या पेहरावासह. गाडी देखणी होती. उतारू मात्र पुरेसे मिळाले नाहीत, आणि १९५० मध्ये तिचा मार्ग बदलावा लागला. चेसापीक अँड ओहायोने ‘चेसी’ नावाच्या गाडीसाठी जुन्या इंजिनांना पिवळ्या पोटाचा पत्रा चढवला, कोळशावर चालणारी तीन अजस्र टर्बाइन इंजिनेही बांधून घेतली. ती गाडी कधी सुरूच झाली नाही. टर्बाइने १९५० मध्येच मोडीत निघाली.

तोवर वेगाचा हेतूच संपत आला होता. एप्रिल १९४६ मध्ये शिकागोजवळच्या नेपरव्हिल इथे एक एक्स्प्रेस उभ्या गाडीवर मागून आदळली आणि पंचेचाळीस माणसे मेली. पुढच्या वर्षी आंतरराज्य वाणिज्य आयोगाने आदेश काढला: ताशी ८० मैल किंवा त्याहून अधिक वेगाने धावायचे असेल तर रुळांवर आणि इंजिनात स्वयंचलित सिग्नल किंवा गाडी थांबवणारी यंत्रणा बसवा. हा खर्च बहुतेक मार्गांना परवडणारा नव्हता. कमाल वेग ७९ मैलांवर अडकला, आणि ज्या वेगात पत्रा खरोखर उपयोगी पडे तो वेगच बहुतेक वेळापत्रकांतून नाहीसा झाला.

मिलवॉकी रोडची ‘ए’ आणि ‘एफ-७’ वर्गाची दहाही इंजिने १९४९ ते १९५१ मध्ये तोडली गेली. एकही वाचले नाही. न्यूयॉर्क सेंट्रलच्या हडसनांपैकीही एक राहिले नाही, ‘कमोडोर व्हँडरबिल्ट’सुद्धा नाही. अमेरिकन संग्रहालयांमध्ये शेकडो वाफेची इंजिने आहेत. त्यांत वेगाच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे घराणे नसावे, याची हळहळ रेल्वेच्या अभ्यासकांना आजही वाटते.

या घराण्याची एक फांदी मात्र भारतात फुटली, आणि ती सगळ्यांत दीर्घायुषी ठरली. फिलाडेल्फियाच्या ज्या बॉल्डविन कारखान्याने टी-१ बांधली, त्यानेच १९४७ मध्ये भारताच्या ब्रॉडगेजसाठी डब्ल्यूपी इंजिनाचे सोळा नमुने पाठवले. पुढे गोळीसारखे गोल नाक, त्यावर रंगवलेली चांदणी. नंतर अमेरिका, कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि शेवटी चित्तरंजन इथे मिळून एकूण ७५५ डब्ल्यूपी बनली. मुंबईहून इगतपुरी आणि पुण्यापर्यंत १९३० पासून विजेची इंजिने होती. तिथून पुढे पठारावर वाफेचे राज्य होते, आणि मध्य रेल्वेच्या मेल-एक्स्प्रेस घेऊन जाणाऱ्यांत ही गोल नाकाची इंजिनेही होती. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या इंजिनाला त्या नाकाचा हवेच्या दृष्टीने फायदा फारसा नव्हता. पण चाके, दांडे, नळ्या सगळे उघडे होते, म्हणूनच ते नाक कोणाच्या कामाच्या आड आले नाही आणि चार दशकांहून अधिक काळ जागेवर राहिले. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये डब्ल्यूपी इंजिने आजही जपलेली आहेत.

अमेरिकेत उरलेल्यांची यादी छोटी आहे. पिवळ्या पोटाचे ४९० क्रमांकाचे चेसी हडसन बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात उभे आहे. डेलाइटचे ४४४९ सदर्न पॅसिफिकने १९५८ मध्ये पोर्टलंड शहराला दिले. ते सोळा-सतरा वर्षे बागेत पावसात उभे होते. १९७५-७६ मध्ये स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ‘अमेरिकन फ्रीडम ट्रेन’ घेऊन ते देशभर फिरले. नॉरफोक अँड वेस्टर्नचे ६११ जानेवारी १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात रुळांवरून घसरून कोसळले होते. त्यानंतर त्याची नव्याने बांधणी झाली, आणि त्यामुळे निवृत्तीच्या वेळी ते इतरांपेक्षा चांगल्या अवस्थेत होते. ते १९६२ मध्ये रोअनोकच्या संग्रहालयात गेले, १९८२ मध्ये पुन्हा वाफेवर आले, १९९४ मध्ये थांबले आणि २०१५ मध्ये तिसऱ्यांदा धावू लागले.

टी-१ चे एकही मूळ इंजिन उरलेले नाही, म्हणून काही जिद्दी मंडळींनी २०१४ मध्ये न्यास स्थापून नवेच बांधायला घेतले. पेनसिल्व्हेनियाचा शेवटचा क्रमांक ५५४९ होता; याचा क्रमांक ५५५० आहे. देणग्यांवर चाललेल्या या कामात चाके ओतली गेली, ड्रायव्हरची केबिन आणि लोईंचे ते टोकदार नाक तयार झाले. मूळ रचनेतल्या चुकाही नव्याने तपासल्या जात आहेत: चाके का घसरत आणि पॉपेट झडपा का तुटत, याची उत्तरे संगणकावर शोधून त्याप्रमाणे भाग बदलले जात आहेत. हे इंजिन पूर्ण झाले की ते पूर्ण वेगात धाववून बघण्याचा न्यासाचा विचार आहे, म्हणजे १९४५ च्या टी-१ ला तिच्या शेडने न दिलेली संधी तिच्या धाकट्या बहिणीला तरी मिळेल.